“कुठं जायलास रे पायडल मारून?” : जागेवरच्या सायकलीचा सव्वादोनशे वर्षांचा प्रवास

एसटीत बसल्यावर ज्यांना आवाज नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त मध्ये आईनं चहासाठी मारलेल्या हाका काढून टाकल्यात.

मागच्या काही एपिसोडमध्ये आपण किल्ले पाहिले, बारव पाहिल्या, आपल्या बीडची खजाना बावडी पाहिली. आज जरा वेगळा इतिहास. जिम असते तिथं कोपऱ्यात उभी असते, ओळखीच्या दहा घरांपैकी एखाद्या घरात जिच्यावर टॉवेल वाळत असतो, ती जागेवरची सायकल. कुणी एक्सरसाइज बाइक म्हणतं, कुणी स्पिन बाइक, कुणी इनडोअर ट्रेनर. हे यंत्र आलं कुठून, कुणी बनवलं, कशासाठी बनवलं? आणि तुम्हाला पहिल्यांदाच घ्यायचं असेल तर यातलं नेमकं काय घ्यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकलो होतो, म्हणूनच तर हा एपिसोड होतोय.

ओसरीतला प्रश्न

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गाव ते शाळा नऊ किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. काळी ॲटलास, चोवीस इंची, मागं कॅरिअर, पुढं डबा. निवृत्त झाल्यावरसुद्धा दळण आणायला सायकलच. मग गुडघे बोलायला लागले, आणि गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, घरी आलो. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “थोड्या दिवसांनी जागेवरची सायकल सुरू करा. जोर लावायचा नाही, फक्त गुडघा फिरला पाहिजे.”

मी बी.टेक. झालेला माणूस, वर्क फ्रॉम होम. मला कुणी ‘सायकल घे’ म्हटलं की मी आधी ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडतो. रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ पाहिले, आणि मागवला काय, तर डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर. म्हणजे आपल्याच सायकलचं मागचं चाक काढायचं आणि त्या जागी हे जड यंत्र जोडायचं. ब्लूटूथ, ॲप, समोर टीव्हीवर डोंगर-दऱ्या. ओसरीत सेट केला, माझी गिअरची सायकल चढवली आणि अण्णांना दाखवायला जोरजोरात पायडल मारू लागलो. दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

“कुठं जायलास रे पायडल मारून?”

आणि लगेच दुसरा प्रश्न. “हे माझ्यासाठी आणलंस का तुझ्यासाठी?”

खरं सांगू का, उत्तर नव्हतं. ट्रेनरवर चढवलेल्या सायकलचा आडवा दांडा त्यांच्या कमरेच्या जवळ येत होता. ज्यांचा पाय पायरीवर नीट चढत नव्हता, त्यांनी त्या दांड्यावरून पाय पलीकडं टाकायचा कसा? त्या रात्री मी या यंत्राचा इतिहास शोधायला बसलो. आणि तिथं समजलं, की हे यंत्र पहिल्यांदा बनलं तेच मुळी अण्णांसारख्या माणसासाठी.

आधी जागेवरची, मग रस्त्यावरची

आता गंमत ऐका. आपल्याला वाटतं, आधी सायकल आली आणि नंतर कुणीतरी तिला घरात आणून उभी केली. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

१७९६ साली लंडनमध्ये फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या माणसानं एका यंत्राचं पेटंट घेतलं. नाव ‘जिम्नॅस्टिकॉन’. लाकडी सांगाडा, मोठं चाक, पायाखाली पायट्या, हातासाठी फिरवायचे दांडे. गाऊट, संधिवात, आखडलेले सांधे अशा रुग्णांसाठी हे यंत्र होतं. रुग्णाला स्वतः जमत नसेल तर दुसऱ्या माणसानं चाक फिरवायचं, म्हणजे रुग्णाचे पाय आपोआप हलतील. आणि ज्याला दिवसभर बसून लिहायचं काम आहे, त्यानं हात टेबलावर ठेवून नुसते पाय चालवायचे, असाही उपयोग सांगितला होता. म्हणजे बघा, लॅपटॉपवर काम करता करता टेबलाखाली पायडल मारायची आयडिया सव्वादोनशे वर्षं जुनी आहे.

आणि रस्त्यावरची सायकल? जर्मनीच्या कार्ल फॉन ड्राइसनं दोन चाकांचं लाकडी ‘धावयंत्र’ आणलं १८१७ साली. त्याला पायडलच नव्हतं, पाय जमिनीला रेटत पळायचं. पायडल लागलेली सायकल फ्रान्समध्ये दिसू लागली १८६० च्या दशकात. याच सुमारास, १८६५ साली, स्वीडनमध्ये गुस्ताव्ह झँडर या डॉक्टरनं स्टॉकहोममध्ये एक संस्था काढली. तिथं यंत्रांच्या मदतीनं व्यायाम देऊन रुग्णांवर उपचार व्हायचे. आजच्या फिजिओथेरपी सेंटरचे हे पणजोबाच म्हणा ना.

म्हणजे या यंत्राचा पहिला मालक रेसर नव्हता. रुग्ण होता. त्याला वेग नको होता, दृश्य नको होतं. त्याला फक्त सांधा फिरायला हवा होता.

रोलर, आणि वारा नसलेला रस्ता

यानंतर सायकल शर्यतींचं वेड आलं. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ, मग सराव कुठं करायचा? तिथून ‘रोलर’ आले. लाटण्यासारखे तीन गोल ड्रम, दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या चाकाखाली, आणि त्यांना जोडणारा पट्टा. सायकल कुठंही बांधलेली नसते. तुम्ही तोल सांभाळत पायडल मारायचं. जरा लक्ष हटलं की ड्रमवरून खाली.

रोलरवर पाय भलतेच वेगानं फिरतात. अमेरिकेचा चार्ल्स मर्फी हा रेसर रोलरवर अफाट वेग काढायचा. त्याला प्रश्न पडला, रस्त्यावर हा वेग का निघत नाही? उत्तर होतं वारा. म्हणून ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला त्यानं धावत्या रेल्वेच्या मागं, डब्याच्या आडोशाला सायकल चालवली. रुळांच्या मधोमध फळ्या टाकल्या होत्या. एक मैल त्यानं ५७.८ सेकंदांत पार केला. पुढं त्याला ‘माइल-अ-मिनिट मर्फी’ हेच नाव पडलं.

यातलं विज्ञान नीट समजून घ्या, कारण ट्रेनर घेताना ते कामाला येतं. सपाट रस्त्यावर थोडा वेग धरला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेशी झुंजायला आठपट ताकद लागते. घरात हवा अंगावर येत नाही, म्हणून नुसतं चाक फिरवणं फसवं असतं. तिथं तो ‘भार’ कृत्रिमपणे आणावा लागतो. जागेवरच्या सायकलीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा भार आणायचा कसा आणि मोजायचा कसा, याचा इतिहास.

आणि हा भार आपल्याकडच्या पोरांना आधीपासून माहीत होता बरं का. लहानपणी डबल स्टँडवर सायकल लावून मागचं चाक गरगर फिरवलंय ना? नुसतं फिरवलं तर चाक कितीतरी वेळ फिरत राहायचं. पण टायरला डायनॅमो टेकवला की पायडल जड. दिवा लागायचा आणि मांड्या भरून यायच्या. चुंबकाजवळ काहीतरी फिरवून वीज काढायची तर ती फुकट मिळत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचायच्या आधी पायांनी शिकलो होतो.

आणखी एक जण आठवा. गल्लीत ‘धाsर लावायचीय का, चाकू-सुरी, कात्रीsss’ ओरडत येणारा. तो सायकल स्टँडवर लावायचा आणि जागेवरच पायडल मारायचा. पट्ट्यावरून दगड फिरायचा, ठिणग्या उडायच्या. आपल्या गल्लीतली पहिली जागेवरची सायकल ती. तिच्यावर कुणी वजन कमी करायला बसत नव्हतं, पोटासाठी बसत होतं.

मोजमाप आलं

१९१२ साल. टायटॅनिक जहाजावर श्रीमंत प्रवाशांसाठी व्यायामशाळा होती. त्यात विजेवर हलणारा घोडा, उंट आणि जागेवरच्या सायकली. सायकलींसमोर भिंतीवर मोठी तबकडी होती आणि तिच्यावरचे काटे कोण किती अंतर ‘गेलं’ ते दाखवायचे. अंतर शून्य, पण आकडा पुढं सरकतोय. आजच्या ॲपची मूळ कल्पना तिथं भिंतीवर लटकत होती.

पण खरं मोजमाप केलं शास्त्रज्ञांनी. १९१३ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी सायकल-एर्गोमीटर बांधला. विद्युतचुंबकांच्या मध्ये तांब्याची चकती फिरायची. धातूची चकती चुंबकाजवळ फिरली की तिच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते चकतीला मागं ओढतात. कुठं घासणं नाही, कुठं घर्षणाचा ब्रेक नाही, तरी पायडल जड. आणि किती जड, ते अचूक ठरवता येतं. माणूस किती काम करतोय आणि त्यासाठी किती ऑक्सिजन वापरतोय, हे असं बारकाईनं मोजता येऊ लागलं. क्रोग यांना पुढं १९२० चं नोबेल मिळालं, तेही स्नायूंना रक्तपुरवठा कसा होतो यावरच्या कामासाठी. आज बाजारात ‘मॅग्नेटिक’ लिहिलेली जी सायकल मिळते, तिच्या पोटात हेच तत्त्व आहे.

१९५४ मध्ये स्वीडनच्या पेर-ओलोफ ऑस्ट्रँड आणि इर्मा रायमिंग यांनी एक सोपी चाचणी मांडली. ठरलेल्या भारावर सुमारे सहा मिनिटं पायडल मारायचं, नाडी मोजायची, आणि तक्त्यावरून माणसाच्या दमाचा अंदाज काढायचा. दमछाक होईपर्यंत पळवायची गरज नाही. पुढं १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावरही एर्गोमीटर गेला, कारण वजन नसलेल्या अवस्थेत स्नायू लवकर झिजतात. स्कायलॅब साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारायचं. म्हणजे तिथं अर्धा तास जागेवर पायडल मारणारा माणूस पृथ्वीचा एक तृतीयांश भाग ओलांडून जायचा! अण्णांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते हसले. “म्हणजे तिथं तरी कुठंतरी जायले म्हणायचे.”

या सगळ्यातून आलेलं एकक म्हणजे वॅट. घाबरू नका. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, पूर्वीचा मोठा पिवळा बल्ब १०० वॅट. नवखा धडधाकट माणूस अर्धा तास जेवढी ताकद लावू शकतो, ती साधारण याच दोघांच्या आसपास असते. आपण घाम गाळून एक पंखा चालवतो, बस. पुढच्या वेळी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर जाताना हे आठवा.

गॅरेजमधून नाशिकपर्यंत

आता ‘स्पिनिंग’. मोठ्या शहरांतल्या जिममध्ये अंधार करून, गाणी लावून तीस जण एकदम पायडल मारतात ते. याचा जनक जॉनी गोल्डबर्ग, दक्षिण आफ्रिकेतून लॉस एंजेलिसला गेलेला सायकलपटू. तो १९८० च्या दशकात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ची तयारी करत होता. त्याची सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एका रात्री सरावात त्याला गाडीची धडक बसता बसता राहिली, घरी बायको गरोदर होती. मग त्यानं गॅरेजमध्ये जागेवरची सायकल बनवून तिथंच सराव सुरू केला. तिथून मित्र आले, वर्ग सुरू झाले आणि १९९० च्या दशकात स्पिनिंग जगभर गेलं.

या शर्यतीचं नाव महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. चौघेही डॉक्टर! ड्यूटी सांभाळून इतकं अंतर चालवणारी माणसं.

गोल्डबर्ग ज्या कारणानं घरात आला, ते कारण मला पटकन कळलं. आपल्याकडं दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की धुळे-सोलापूर हायवे असो की माजलगावचा रस्ता, एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या. ऊस बाजूनं बाहेर आलेला, मागं दिवा नाही. पहाटे पाचला मांजरसुंब्याच्या घाटात सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रॅक्टरवाल्याचा दोष म्हणत नाही मी, तोही रात्रभर जागा असतो. पण माझा एक मित्र अशाच अंधारात ट्रॉलीवर धडकला. वाचला, पण त्यानं पुन्हा पहाटे सायकल काढली नाही. स्मार्ट ट्रेनर मागवताना माझ्या डोक्यात तोच होता. अण्णांचं नाव मी फक्त पुढं केलं होतं. त्यांचा दुसरा प्रश्न अगदी बरोबर होता.

पडदा आला

२०१४ मध्ये झ्विफ्ट हे ॲप आलं. ट्रेनरवर पायडल मारा, पडद्यावर तुमचा माणूस धावेल. पडद्यावर चढ आला की ट्रेनर स्वतःच जड होईल. २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचा हात फेब्रुवारीच्या शेवटी मोडला. त्यानं पाच-सहा आठवडे घरात ट्रेनरवर याच ॲपवर सराव केला आणि १० एप्रिलला पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची खडतर शर्यत जिंकली. ही गोष्ट जाहिरातीत फार सांगतात. पण ती शर्यत तो पंधराव्यांदा धावत होता, हे कमी वेळा सांगतात. ट्रेनरनं त्याचा दम टिकवला. रस्ता मात्र त्यानं आधी चौदा वेळा शिकला होता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळं जगच घरात कोंडलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं घरबसल्या खेळायची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा घेतली.

आता तुमची निवड

हा इतिहास सांगितला तो यासाठी, की दुकानात जे वेगवेगळे प्रकार दिसतात, ते याच इतिहासाचे थर आहेत. प्रत्येक काळानं एक गोष्ट वाढवली. रुग्णासाठी हालचाल, रेसरसाठी तोल, शास्त्रज्ञासाठी भार आणि मोजमाप, जिमसाठी संगत, ॲपसाठी दृश्य. तुम्हाला यातलं काय हवंय? मी २०१४ विकत आणलं, अण्णांना १७९६ हवं होतं. एवढीच माझी चूक.

सांधे मोकळे करायचे असतील, वय झालेलं असेल, वजन जास्त असेल, तर साधी मॅग्नेटिक एक्सरसाइज सायकल. दांडा खाली असलेली, पाय सहज पलीकडं जाईल अशी. पाठीला टेकू हवा असेल तर बसायच्या खुर्चीसारखी ‘रिकम्बंट’. यांना बहुधा वीज लागत नाही, छोटा डिस्प्ले सेलवर चालतो. आपल्याकडं भारनियमन काय चीज आहे ते मी सांगायला नको. एकदा माझ्या ॲपमध्ये चढ चालू असताना लाइट गेली आणि पायडल एकदम हलकं झालं. सीटवरून पुढं आदळता आदळता राहिलो.

घरात आधीच गिअरची सायकल असेल आणि पैसे जपून टाकायचे असतील, तर ‘व्हील-ऑन’ ट्रेनर. मागचं चाक जागेवरच राहतं, टायर एका छोट्या रोलरवर टेकतो. चुंबकाचा किंवा द्रव भरलेला. द्रववाल्यात वेग वाढला की भार आपोआप वाढतो, थोडाफार रस्त्यावरच्या वाऱ्यासारखा. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. चाकाचा आकार, आणि मधला एक्सल. गिअरच्या अनेक सायकलींना लिव्हर फिरवून सुटणारा एक्सल असतो, अण्णांच्या ॲटलासला नटबोल्ट. नटबोल्टला वेगळे अडॅप्टर लागतात. मी न तपासता जोडायला गेलो, मग गावातल्या सायकलवाल्या काकांनी पाना हातातून काढून घेतला. टायरमध्ये प्रत्येक वेळी तेवढीच हवा ठेवा, नाहीतर कालचा भार आणि आजचा भार जुळणार नाही. टायर झिजतो, हेही लक्षात असू द्या.

डायरेक्ट ड्राइव्ह शांत असतो, अचूक असतो, टायर झिजत नाही. पण जड, महाग, वीज लागते, आणि त्याच्यावर तुमच्या गिअरला जुळणारी कॅसेट बसवावी लागते. वर्षभर नियमित चालवणार याची खात्री झाल्यावरच घ्या. रोलर पहिल्यांदा घेऊ नका. घेतलाच तर दाराच्या चौकटीत लावा, म्हणजे धरायला दोन्ही बाजूंना आधार.

आणि नवीनच घ्यायला हवं असं नाही. बीड असो की पुणे, टॉवेल वाळत घातलेल्या सायकली भरपूर आहेत. बसून बघा, पायडल फिरवून खरखर ऐका, भार बदलतो का बघा.

आता वापरायचं कसं. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, ही सीटची उंची. आपण सगळे सीट खाली ठेवतो, मग गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला. भार कमी, पायांचा वेग बऱ्यापैकी, मिनिटाला ७० ते ९० फेरे. बोलता येईल एवढाच दम लागू द्या. पहिले दोन-तीन आठवडे १५ ते २० मिनिटं, एक दिवसाआड. आणि पंखा! घरात वारा अंगावर येत नाही, त्यामुळं घाम सुकत नाही. आपला एप्रिल-मे ४० अंशांच्या वर जातो. पहाटे चालवा, समोर पंखा, जवळ लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. हृदय, बीपी, गुडघ्याचं ऑपरेशन यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं, ओसरीतलं

अण्णांसाठी आम्ही जुनी, साधी मॅग्नेटिक सायकल आणली. भार शून्यावर, सीट वर, कारण सीट वर घेतली की गुडघा कमी वाकवावा लागतो. पहिल्या दिवशी पूर्ण फेरा बसलाच नाही. फिजिओनं सांगितल्याप्रमाणं अर्धा फेरा पुढं, अर्धा मागं. लहान मूल झोक्यावर हलतं तसं. चेहऱ्यावर कळ दिसायची. मी म्हणायचो, “बस करा अण्णा आता.” ते म्हणायचे, “गप रे, अजून पाढा पुरा झाला नाही.” मनात पाढे म्हणायचे ते. मोजायला ॲप कशाला?

अकराव्या दिवशी पायडल वरून पलीकडं गेलं. एक पूर्ण फेरा. आई देवासमोर दिवा लावत होती, ती तशीच उठून बाहेर आली. अण्णा काही बोलले नाहीत. शाळेतल्या सवयीनं त्यांनी रेघा मारलेली वही केलीय. तारीख, मिनिटं, फेरे, आणि शेवटच्या रकान्यात गुडघा कसा आहे त्याचा शेरा. त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलंय, ‘हजर’.

आपल्याकडं घाण्याचा बैल म्हणतात. दिवसभर चालतो आणि तिथंच राहतो. मला हा इतिहास वाचेपर्यंत ट्रेनरबद्दल तसंच वाटायचं. पण अण्णा आता आठवड्यातून दोनदा हळूहळू पारापर्यंत चालत जातात, येताना भाजी आणतात. माझा ट्रेनर मी वापरतो, आणि परवापासून धडकलेला मित्रही संध्याकाळी येतोय. रस्त्यावर कधी उतरणार ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

काल पायडल मारताना मीच अण्णांना विचारलं, “कुठं निघालात?”

“शाळेत,” म्हणाले. “चढ लागलाय, बोलू नको.”

तर मंडळी, तुमच्या घरातली सायकल कुठल्या कोपऱ्यात आहे आणि तिच्यावर सध्या काय वाळतंय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आवडलेल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू. तोपर्यंत सीटची उंची तपासा, पंखा लावा, आणि हायवेवर जाणार असाल तर मागं लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. भेटू!